धाकटीचा खोकला

४ नोव्हेंबर

धाकटे,

दोन वर्षांत हे माझं पहिलं पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडता फेकून दिलं नसशील, असं धरून लिहिते. तुझा स्वभाव चौकस आहे. फोडशीलच.

आधी कामाचं. या वर्षीचं ऑलिव्हचं तेल डिसेंबरच्या शेवटी बंदरात उतरेल. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी नेहमीप्रमाणे गोदामात चाखणी ठेवली आहे. चौदा दुकानदारांना कळवलंय. तू यायचं आहेस. पेल्यातलं तेल प्यायचं, खोकायचं, आणि मग तुला जायचं तिकडे जा. गाडीभाड्याचं मी बघते.

तुझ्यावाचून माझं अडलंय असा अर्थ काढू नकोस. माझं कुणावाचून अडत नाही. पण बाबांनी या दुकानदारांना जी सवय लावून ठेवली ती काही केल्या सुटत नाही. तू बारा वर्षांची असल्यापासून तेच चाललंय. नवं तेल आलं की सगळे गोल करून बसणार आणि कुणीही आपल्या पेल्याला तोंड लावणार नाही. सगळे तुझ्याकडे बघणार. तू तो निळा पेला तळव्यात धरून ऊब देणार, दुसरा तळवा वर झाकणासारखा ठेवणार, मग हुंगणार, मग घोट ओढणार. तेल ताजं असलं की ते तुझ्या घशाला झोंबणार आणि तू खोकणार. एक खोकला म्हणजे बरं, दोन म्हणजे उत्तम. तीन तू आयुष्यात एकदाच खोकलीस, आणि त्या वर्षी दुपारच्या जेवणाआधी सगळं तेल विकलं गेलं होतं.

मी पिशवीत बाटल्या घालून या लोकांच्या पायऱ्या झिजवते. सेंद्रियचं प्रमाणपत्र दाखवते, बागेचा फोटो दाखवते, झाडाला औषधाचा थेंब लागलेला नाही हे घसा कोरडा होईपर्यंत सांगते. आणि ही माणसं विश्वास ठेवणार कशावर, तर तुझ्या घशावर. देवाने एकीला घसा दिला आणि दुसरीला पाय दिले. वाटणी कुणी केली ते मला अजून कळलेलं नाही.

आई मजेत आहे. तुझी आठवण काढत नाही.

ताई


१९ नोव्हेंबर

धाकटे,

उत्तर नाही. बरं.

तू कुठे आहेस आणि काय करतेस ते मला ठाऊक आहे. धुलाईच्या कारखान्यात हॉटेलांच्या चादरी घड्या घालतेस. वाफेत आणि सोड्याच्या वासात आठ-आठ तास उभी असतेस, असं कळलं. नाकाला जप. एवढंच म्हणते.

तू सिरक्याच्या (व्हिनेगरच्या) व्यापाऱ्याकडे चाखायच्या नोकरीला गेली होतीस ना? त्यांनी मला फोन केला होता. मी तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलले नाही. ते म्हणाले, "तुमच्या बहिणीचं नाक गेलंय म्हणतात, खरं का?" मी फक्त एवढंच म्हणाले, "बिचारी." मधवाल्यांचाही फोन आला होता, त्यांनाही तेवढंच म्हणाले. खोटं बोलायची मला गरज नसते.

तुझ्या मनात अजून त्या रविवारचं आहे, मला माहीत आहे. म्हणून माझी बाजू एकदा लिहून टाकते. बाबा जाऊन तीन महिने झाले होते. पहिल्यांदाच तेल मी निवडलं होतं, एकटीने. तू घोट घेतलास आणि खोकली नाहीस. मग पेला खाली ठेवून, चौदा माणसांच्या देखत, मला म्हणालीस, "ताई, हे खवट आहे." हळू आवाजात म्हणालीस, पण गोदामात आवाज घुमतो. तू मला बाजूला घेऊन सांगू शकली असतीस. तुला ते सुचलं नाही, कारण तुला खरं बोलायची खाज आहे आणि बाबांनी ती लाडाने वाढवली.

मग मी काय करायला हवं होतं? मी म्हणाले, "मंडळी, माफ करा, आम्ही लपवून ठेवलं होतं. त्या तापानंतर हिला वासच येत नाही." ताप तुला आला होताच. चार दिवस अंथरुणात होतीस, मीच तुला पेज भरवली होती. लोकांनी हळहळून मान हलवली. मग मी घोट घेतला आणि खोकले, आणि लोकांनी तेल घेतलं. तू दारापाशी उभी होतीस, तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. तू त्या वेळी तोंड उघडून काही बोलली असतीस तर? पण तू मूग गिळून बसलीस. तेल ठणठणीत होतं.

रविवारी ये.

ताई


५ डिसेंबर

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "तेल कुठलं आहे? आई कशी आहे?" सही नाही, नमस्कार नाही. तरी वाचून बरं वाटलं, कारण पहिली ओळ तेलाची होती. म्हणजे तू अजून तीच आहेस.

तर खरं सांगते, कारण तुला खोटं सांगून उपयोग नाही, तू पेला हातात घेतलास की कळणारच. ते दोन वर्षांपूर्वीचं तेल जुनं होतं. दलालाकडे मागच्या हंगामाचं पडून होतं, त्याने नव्यात मिसळलं आणि तारीख नवी टाकली. मला माहीत होतं. मला वाटलं, एवढं कुणाला कळतंय. कळलं. दुकानांत गिऱ्हाइकं बाटल्या परत आणायला लागली. म्हणे मेणाच्या खडूंचा वास येतो. मी सगळ्यांना सांगितलं, तुम्ही बाटल्या काचेच्या खिडकीत उन्हात ठेवता, दोष तुमचा. काहींनी तसं केलंही होतं, त्यामुळे वेळ निभावली.

मागच्या वर्षी चाखणीला सातच जण आले. मी खोकले. तो हो-हो तुला आठवतो ना, कोपऱ्यावरच्या दुकानाचा, जो सगळ्याला "हो हो" म्हणतो आणि घेत काहीच नाही? तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, तुमचा खोकला घोटाच्या आधी येतो." माणसं हसली. मीही हसले. रात्रभर मग मी त्याला शिव्या घालत होते.

म्हणून या वर्षी मी स्वतः बागेत गेले. ऑक्टोबरात, फळं अजून हिरवी असताना. हिरव्या फळाला तेल निम्मं सुटतं, शेतकरी काढायला तयार नव्हता, मी काढायला लावलं. सकाळी तोडलेली फळं दुपारी घाण्यात गेली, मी तिथे बूट भिजवत उभी होते. तेल बाहेर पडलं ते अगदी गवतासारखं हिरवं. मला तुझ्याइतकं कळत नाही, पण मलाही घशात झोंबलं. धाकटे, असं तेल बाबांनीही कधी आणलं नव्हतं. त्या घाण्याचं सगळं तेल मी उचललं. आता ते दुकानांनी घेतलं नाही तर ठेवून काय करू? तेल वर्षभरात म्हातारं होतं. आणि मग बाबांची पेढी बंद. यात सगळं आलं.

दुकानदार म्हणतात, धाकटी खोकली तर घेऊ. माझी थाप त्यांना कळलीय की काय, मला माहीत नाही. ते विचारतात, "तिचं नाक आलं का परत?" तर मी असं ठरवलंय. मी सांगेन की उपचाराने तुझं नाक परत आलं. तू मान डोलवायची. मग प्यायचं आणि खोकायचं. त्याने माझं तेल खपेल आणि तुला तुझं नाक परत मिळेल, सिरकावाल्यांकडे जा नाहीतर मधवाल्यांकडे. चादरी सुटतील. दोन वर्षांपूर्वी मी काय केलं ते मात्र कुणाला कळायचं नाही. एवढी एकच अट आहे, आणि ती फार नाही.

आई. आई ऑगस्टमध्ये न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. आता वरच्या खोलीत पडून असते. तुला कळवलं नाही, कारण तू धावत आली असतीस आणि तेव्हा तू मला नको होतीस. ती तुझी आठवण काढत नाही असं मी लिहिलं होतं. काढते. दिवसातून इतक्यांदा काढते की मी तिच्या खोलीत रेडिओ लावून ठेवते.

ताई


२२ डिसेंबर

धाकटे,

"येईन. खोकेन. आईला भेटेन." छान. आता कसं शहाण्यासारखं बोललीस.

काही सूचना. सकाळी काही खाऊ नकोस, चहासुद्धा नको. सेंट लावू नकोस (लावत नाहीसच, पण माणूस बदलतं). कारखान्याचे कपडे घालून येऊ नकोस, सोड्याचा वास येईल आणि लोक विचारतील. तुझा निळा झगा कपाटात आहे, इस्त्री करून ठेवते. केस नीट बांध. तू विस्कटलेली दिसलीस की लोकांना माझी कीव येते आणि मला ते खपत नाही.

मी तुझ्या आजारपणाबद्दल दोन शब्द बोलेन. मध्ये तोंड घालू नकोस.

चीजवाल्या बाई येणार आहेत. सगळ्यांत त्यांचंच वजन, त्यांनी घेतलं की बाकीचे मुकाट्याने घेतात. त्या तुझी फार चौकशी करतात. मी सांगते, बरी आहे.

तेल उतरलं. डबे गोदामात लावलेत, खिडक्यांना काळे पडदे लावलेत. काल एक डबा उघडून बघितला. मला वाटतं तीनदा खोकशील.

ताई


१२ जानेवारी

धाकटे,

तू केसाने माझा गळा कापलास.

कालचा दिवस मी लिहून काढते, म्हणजे तुला कळेल की मी काहीही विसरलेली नाही. तू नऊ वाजता आलीस. हातात पिशवी, आईसाठी लोकरीचे मोजे. दारातच म्हणालीस, "आधी वर जाऊन येते." मी म्हणाले, "आधी खाली. मग वर." तू म्हणालीस, "ताई, पाचच मिनिटं. तिला नुसतं तोंड दाखवते." मी म्हणाले, "तुझं काम झालं की दिवसभर बस तिच्याजवळ." मला भीती होती की तू वर जाऊन रडशील, नाक चोंदेल आणि चाखता येणार नाही. हे तुला तेव्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? मला नाही वाटत.

मग दोन तास तू खालच्या बाकावर बसून राहिलीस. आईने वरून दोनदा हाक मारली. तुझ्या नावाने नाही, माझ्या नावाने, पाणी हवं होतं तिला. तू उठलीस आणि मी तुला परत बसवलं.

अकराला सगळे जमले. चौदाच्या चौदा. मी बोलायला उभी राहिले. जरा जास्त बोलले, कबूल. मी म्हणाले की तुझे फार हाल झाले. नासलेलं दूध तू कळायचं नाही म्हणून पिऊन टाकायचीस, गॅस उघडा राहिला तरी तुला पत्ता नसायचा, आम्ही तुला लहान मुलासारखं सांभाळलं. डॉक्टर झाले, औषधं झाली. मी डोळे पुसले. बायका "अगं बाई" म्हणाल्या. हे ठरलेलं नव्हतं, पण एकदा बोलायला लागले की मला थांबवत नाही, आणि लोक ऐकत होते. त्या वेळी मला तुझ्याकडे बघायचं सुचलं नाही. बघितलं असतं तर कदाचित थांबले असते. कदाचित नसतेही.

तू पेला उचललास. तळव्यात धरलास. वर हात झाकलास. किती वेळ! मग हात काढून हुंगलंस आणि मी पाहिलं, तुझ्या नाकपुड्या थरथरल्या. घोट ओढलास. गिळलास.

आणि खोकली नाहीस.

तू पेला खाली ठेवलास आणि अगदी सरळ बघत म्हणालीस, "मला काहीच कळत नाही. ताई म्हणाली तसंच आहे अजून. नाक गेलेलंच आहे."

तुझ्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. मानेची शीर उभी राहिली होती. तू दात आवळून खोकला धरून ठेवला होतास, आणि ते त्या खोलीत मला एकटीला कळत होतं. बाकीच्यांना वाटलं, बिचारी रडते.

मी धावत जाऊन तुझाच पेला उचलला आणि उरलेलं तेल पिऊन टाकलं. धाकटे, मला खराच ठसका लागला. नाटक नव्हतं ते. घशात आग झाली, डोळ्यांतून पाणी आलं, मी टेबलाला धरून खोकत होते आणि मला थांबता येत नव्हतं. आणि हो-हो म्हणाला, "वा ताई! या वेळी अगदी जमलं!" सगळे हसले. बेकरीवाला तर टाळ्या वाजवायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा मी खरी खोकले आणि माझ्या तोंडावर हसली माणसं.

कुणी एकही बाटली घेतली नाही.

तू तोवर जिना चढून वर गेली होतीस. आईबरोबर किती वेळ बसलीस, मागच्या जिन्याने कधी गेलीस, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. तुला वाटलं असेल, ताईला शिकवला धडा. शिकवलास. पण स्वतःच्या तोंडाने, चौदा दुकानदारांसमोर, नाक गेलंय असं सांगून बसलीस, हे तुला घरी जाताना तरी सुचलं का गं? दोन वर्षं माझी थाप होती. आता तुझी साक्ष आहे.

ताई


२० फेब्रुवारी

धाकटे,

तेल गेलं. साबणवाल्याने नेलं, सगळे डबे. त्याला वासाशी देणंघेणं नाही, उलट हिरवा रंग जरा जास्तच आहे म्हणून कुरकुरला. पेढीची पाटी मी काढून ठेवली. जिन्याखाली आहे, हवी असेल तर घेऊन जा. बाबांचे निळे पेले बेकरीवाल्याच्या बायकोने मेणबत्त्या लावायला मागून नेले.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. आज लिहिते. आज का, ते शेवटी सांगेन.

त्या दिवशी माणसं पांगली. चीजवाल्या बाई मागे राहिल्या, हातमोजा सापडत नव्हता त्यांचा. मी खाली वाकून टेबलाखाली शोधत होते. तेवढ्यात वर तू खोकलीस.

आईच्या खोलीत जाईपर्यंत धरून ठेवला होतास ना? तिथे सुटला. एकदा. मग दोनदा. मग तिसरा, आणि मी वाकल्या जागी तशीच थांबले. मग चौथा. धाकटे, चौथा! गोदामात आवाज घुमतो, तसा वरचा खालीही येतो. मला इतका आनंद झाला की क्षणभर मी सगळं विसरले, तुझा रागसुद्धा. माझं तेल चार खोकल्यांचं होतं. हे जगात तुझ्याशिवाय कुणी सांगू शकलं नसतं आणि तू सांगितलंस, वर, दार लावून.

बाईंनी वर पाहिलं. म्हणाल्या, "कोण खोकतंय?"

मी पुन्हा टेबलाखाली हातमोजा शोधायला लागले.

त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "हे बघा ताई, मला मघाशीच शंका आली. ती रडत नव्हती, ती काहीतरी दाबत होती. आम्ही सहा दुकानं मिळून आमची स्वतःची चाखणारी ठेवणार आहोत. तेल, मध, चीज, सगळ्याला. पगार चांगला देऊ. मला तीच हवी होती, दोन वर्षांपासून हवी होती, पण नाक गेलेल्या बाईला कसं ठेवणार? तेव्हा मला खरं सांगा. वर खोकतेय ती तीच असेल, तर उद्यापासून तिला आमच्याकडे ठेवते. आणि तुमचं सगळं तेल आजच्या आज उचलते, एक डबा मागे ठेवणार नाही. तुमच्या बहिणी-बहिणींत काय झालं ते मी विचारणार नाही."

तू वर पुन्हा खोकलीस.

एक शब्द पुरेसा होता. "हो." त्याने तेल वाचलं असतं, बाबांची पाटी वाचली असती आणि तू चादरींतून सुटली असतीस. हे मला त्या वेळी कळत नव्हतं असं नाही. लख्ख कळत होतं. पण "हो" म्हटलं असतं तर तुझं नाक कधी गेलंच नव्हतं हे आलं. मग ते खवट तेल खवटच होतं हे आलं. मग मी काय केलं ते आलं. त्या विचारणार नाही म्हणाल्या, पण त्यांना समजलं असतं, आणि त्यांनी ते समजून घेऊन मला माफ केलं असतं, माझ्याकडे त्या दयाळू डोळ्यांनी बघत. आणि मग आयुष्यभर मी त्यांच्या दुकानात बाटल्या पोचवल्या असत्या आणि तू आत बसून त्या चाखल्या असत्यास. माझ्या बाटल्या. तू.

मी म्हणाले, "नाही हो. आमची आई आहे. छातीचा त्रास आहे तिला, थंडीत वाढतो."

बाई उठल्या, म्हणाल्या, "काळजी घ्या त्यांची." त्यांना त्यांचा हातमोजा खिशातच सापडला. मी त्यांना दारापर्यंत सोडलं.

मला वाईट वाटलं. दगड नाही मी. त्या रात्री जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बसून तुला जे पत्र लिहिलं त्यात हे लिहिलं नाही, कारण तेव्हा जागा अजून रिकामी होती. तू पत्र घेऊन त्यांच्याकडे गेली असतीस. म्हणून थांबले. परवा त्यांनी हो-होच्या मेहुणीला ठेवलं, तीन वर्षांच्या करारावर. काल मी जाऊन खात्री करून आले, बाई स्वतः म्हणाल्या, मुलगी बरी आहे, शिकेल.

आता हे पत्र तू कुणालाही दाखव.

ताई